मैनाला यंदा नर दाखवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जतकडून दीड महिन्याची असताना आणलेली कारवानी कुत्री, नाव मैना, आता १४ महिन्यांची झाली आणि पहिल्यांदाच माजावर आली. कागदपत्रं काहीच नाहीत. गावातले लोक म्हणतात, शेजारच्या गावात शर्यतीचा ग्रेहाउंड नर आहे, तो दाखवा, पिल्लं हातोहात जातील. तुम्ही विचारताय की तो दाखवावा, की चांगला कारवानी नर शोधावा, तिला डॉग शोला नेता येईल का, आणि या छंदाचा खर्च निघतो का.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. ग्रेहाउंड नको, आता नको आणि पुढेही नको. कारवानी नरसुद्धा या माजाला नको. शोला मात्र जरूर न्या. खर्च निघत नाही.

मी पंढरपूरजवळ शेतात राहतो. २३ वर्षं झाली ही कुत्री पाळतोय आणि एवढ्या काळात नऊच वेळा पिल्लं काढली. त्यातली दोन वेतं काढायलाच नको होती, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. तुमच्या हातून त्याच चुका होऊ नयेत म्हणून एवढं लांब लिहितोय.

नावाचा गोंधळ आधी मिटवू, कारण नोंदणीच्या वेळी तो आडवा येतो. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याला कॅरवान हाउंड म्हणून नोंदवतो, इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. खेड्यात विचाराल तर कारवानी, आणि कानाला-शेपटीला रेशमी केसांची झालर असेल तर पश्मी. मुधोळचं नाव लागलं ते तिथल्या घोरपडे संस्थानामुळे. राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री मनापासून वाढवली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. मुधोळजवळच्या तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं केंद्र आहे. तिथली पिल्लं २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली.

ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी कुत्र्यांचा आणि त्यात मुधोळचा उल्लेख केला. त्यानंतर माझ्या फोनला उसंत राहिली नाही. ज्यांनी कधी कुत्रं पाळलं नाही ते पिल्लं मागायला लागले, आणि ज्यांनी कधी वंशावळ ठेवली नाही ते पिल्लं विकायला लागले. आज बागलकोट, विजयपूर, जत, मंगळवेढा, लातूर या पट्ट्यात फिरलात तर लांब तोंडाची सडपातळ कुत्री भरपूर दिसतील. संख्येची टंचाई तेवढी नाही. टंचाई आहे ती ज्याची आई, बाप, आजी, आजोबा कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेत आणि लिहून ठेवलेत अशा कुत्र्यांची. माझ्या लेखी ही जात दुर्मीळ आहे ती या अर्थानं, आणि तुमच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी इथूनच देणार आहे.

म्हणूनच ग्रेहाउंडबद्दल इतका कडक बोलतो. शर्यतीवाले लोक वेगासाठी ग्रेहाउंडचं रक्त घालतात. पहिल्या पिढीची पिल्लं खरंच देखणी आणि वेगवान निघतात, गिऱ्हाईक खूश होतं. पण ती पिल्लं कारवानी म्हणूनच विकली जातात, त्यांची पिल्लंही कारवानी म्हणून, आणि तिसऱ्या पिढीत कुणालाच काही सांगता येत नाही. ग्रेहाउंड थोड्या अंतरात वेग काढणारं कुत्रं आहे. आपलं कुत्रं माळरानावर, दगडधोंड्यांतून, उन्हात, भाकरीच्या तुकड्यावर लांब पल्ला गाठण्यासाठी घडलंय. पातळ पण चिवट कातडी, कठीण पंजे, उन्हात न ढेपाळणं हे गुण दोन पिढ्यांत निघून जातात आणि परत आणता येत नाहीत.

संकर ओळखायचा असेल तर आधी कान बघा. कारवानीचा कान मध्यम लांबीचा, आणि डोक्याला चिकटून सपाट लोंबतो. ग्रेहाउंडचा कान मागे दुमडलेला असतो, गुलाबाची पाकळी मुडपल्यासारखा. मिश्र कुत्र्यात बऱ्याचदा एक कान पडतो, एक दुमडतो, किंवा चालताना दोन्ही मागे जाऊन तिथेच राहतात. मग पाठ बघा: आपल्या कुत्र्याची पाठ लांब, बरीचशी सरळ, कंबरेची हाडं दिसणारी, ग्रेहाउंडची कंबर धनुष्यासारखी वर उचललेली आणि मांड्या गोळीबंद फुगलेल्या. शेवटी डोळा. कारवानीचा डोळा मोठा, लंबगोल, गडद, आणि नजर लांबवर लागलेली. ती नजर एकदा ओळखीची झाली की बाजारात पन्नास कुत्र्यांतूनही ओळखता येते. मैनाचे फोटो तुम्ही पाठवलेत त्यात कान चांगले आहेत. एका बाजूच्या फोटोत कंबर थोडी उचललेली वाटली, पण ती उभी आखडून राहिली होती, त्यामुळे त्यावरून काही म्हणत नाही.

आता या माजाबद्दल. कायद्यापासून सुरुवात करू, कारण तो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे केंद्रीय नियम लागू आहेत. मादी १८ महिन्यांची व्हायच्या आत तिच्याकडून पिल्लं घ्यायची नाहीत, आठ वर्षांनंतर घ्यायची नाहीत, वर्षातून एकाहून जास्त वेत नाही आणि आयुष्यात पाचाहून जास्त नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. विक्रीसाठी पैदास करायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तुमची मैना दीड महिन्याची असताना आली, म्हणजे तीच लवकर तोडलेली. त्यात तुमचा दोष नाही, पण तुमच्याकडून जाणारं पिल्लू तरी पूर्ण दिवस आईजवळ राहू दे.

कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. १४ महिन्यांची कारवानी मादी उंचीनं भरलेली दिसते, पण छाती अजून उतरायची असते, डोकं भरायचं असतं. ती पुढे काय होणार हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. अडीच-तीन वर्षांची झाल्यावर दिसतं की पुढचे पाय सरळ राहिले का, दात वर्षभर कात्रीसारखे बसले का, अनोळखी माणूस आला की ती मागे सरते की उभी राहते. माझी हरणी दीड वर्षाची असताना सोन्यासारखी दिसायची. तीन वर्षांची होईपर्यंत तिचा बुजरेपणा इतका वाढला की दिवाळीत ती दोन दिवस उसातून बाहेर आली नाही. तिचं वेत मी आधीच काढून बसलो होतो. सहातली चार पिल्लं तशीच निघाली. नको होती म्हटलं त्यातलं हे पहिलं वेत.

तोवर या माजात तिला जपा. साधारण २१ दिवस बंदोबस्त हवा. पहिले आठ-नऊ दिवस रक्तस्राव असतो आणि ती नराला जवळ येऊ देत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. त्यानंतर स्राव फिका पडतो, शेपूट बाजूला धरायला लागते, आणि तेव्हाच दार उघडं राहतं. गावठी नर पाच फुटांची भिंत सहज चढतो, आणि तुमची कुत्री तर सहा फुटांची भिंतही. तिला फिरवताना पट्टा हातातून सोडू नका. माज संपल्यावर चार ते आठ आठवडे लक्ष ठेवा: पाणी जास्त पिणं, खाणं सोडणं, पोट फुगणं, घाण वासाचा स्राव, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. गर्भाशयात पू झाला तर उद्यापर्यंत थांबता येत नाही.

पुढे, म्हणजे ती अडीच-तीन वर्षांची झाल्यावर, नर निवडायचा प्रश्न येईल. इथे मी सगळ्यात मोठी चूक केली, ती दुसऱ्या वेताची. शोमध्ये तेव्हा एक नर सगळीकडे जिंकत होता. चालणं असं की बघत राहावं. मी माझी सखू घेऊन गेलो. सात पिल्लं झाली, चार नर, आणि त्यातल्या तीन नरांचं एकेक वृषण खाली उतरलंच नाही. चौकशी केल्यावर कळलं की त्या नराच्या इतर वेतांतही हे होत होतं, कोणी बोलत नव्हतं. हा दोष आनुवंशिक आहे आणि आई-बाप दोघांकडून येऊ शकतो, मादी तो न दाखवता वाहते. म्हणून मी त्या नरावर सगळं ढकलू शकत नाही. सखूकडून मी पुन्हा पिल्लं घेतली नाहीत आणि ज्यांनी पिल्लं नेली त्या सगळ्यांना फोन करून सांगितलं. दोघांना राग आला. सांगणं गरजेचं होतं.

त्या प्रसंगानं एक मोठी गोष्ट शिकवली. जात लहान असेल तेव्हा एकच नावाजलेला नर सगळ्यांनी वापरला की दहा वर्षांत जिकडे बघाल तिकडे त्याचीच नातवंडं-पतवंडं दिसतात. मग इच्छा असूनही बिननात्याचा नर सापडत नाही. सख्ख्या भावा-बहिणीच्या पिल्लांमध्ये अंतःप्रजननाचं प्रमाण २५ टक्के असतं, सावत्र भावंडांच्या साडेबारा, चुलत-मावस भावंडांच्या सव्वासहा. हे आकडे आधी नात्यातलं काहीच नसेल तरचे. वंशावळच माहीत नसेल तर खरा आकडा किती वर आहे हे कळायला मार्ग नाही. पिल्लांची संख्या घटणं, पहिल्या आठवड्यात दगावणं, माज चुकणं, ही त्याची पहिली लक्षणं. म्हणून मी आता जिंकणाऱ्या नराच्या मागे जात नाही. त्याचा न जिंकलेला भाऊ किंवा बाप बघतो, आणि शक्यतो खेड्यातल्या अशा घरचा नर बघतो जिथे तीन पिढ्या कुत्री पाळली गेलीत. लातूर जिल्ह्यात जानवळच्या बाजूला ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळणारे लोक आहेत. तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे कागद एकही नव्हता, पण कुत्रीची पणजी कुणाच्या वाड्यातून आली, कितव्या वेताची, कोणत्या अंगानं लंगडायची हे त्यांना तोंडपाठ. मी ते सगळं वहीत लिहून घेतलं. अशी वही ही या छंदातली सगळ्यात मौल्यवान वस्तू आहे. तुम्हीही आजपासून सुरू करा: मैना ज्या घरातून आली तिथे जाऊन तिची आई बघा, बाप कोण ते विचारा, भावंडं कुठे गेली ते लिहा, जमलं तर त्यांचे फोटो घ्या.

नर ठरला तरी दोघांच्या तपासण्या झाल्याशिवाय एकत्र सोडू नका. आपल्याकडे दोन आजार हमखास आडवे येतात. एक, जननेंद्रियावरची संसर्गजन्य गाठ. ती मुख्यतः मेटिंगमधून पसरते, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दिसते, आणि मोकाट कुत्र्यांत भरपूर आहे. औषधानं बरी होते, पण आठवडे लागतात. दुसरा ब्रुसेला, ज्याची रक्ततपासणीच करावी लागते; त्यात गर्भ पडतात, नर नापीक होतो, आणि माणसालाही लागण होऊ शकते. नरमालकाला तपासणी मागितली की काही जण चिडतात. जो चिडतो त्याचा नर वापरू नका.

रक्ताचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो, जी मैनाचा जीव वाचवू शकते. नजरेनं शिकार करणाऱ्या या सगळ्या सडपातळ जातींचं रक्त इतर कुत्र्यांसारखं नसतं. ग्रेहाउंडवर याचा नीट अभ्यास झालाय: तांबड्या पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांत ३७ ते ५५ टक्के धरतात, यांच्यात ते सहज साठीच्या घरात असतं, प्लेटलेट मात्र कमी असतात, थायरॉइडचा आकडाही कमी. कारवानीतही मी तेच धरून चालतो. आता आपल्याकडे गोचिडांचा ताप बारमाही. कुत्रं मलूल होतं, रिपोर्ट येतो, तांबड्या पेशी ४० टक्के, आणि कागदावर ते ‘नॉर्मल’ दिसतं. पण ज्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा ५८ आहे त्याच्यासाठी ४० म्हणजे बरंच रक्त गेलेलं. उलट तब्येतीनं ठणठणीत कुत्र्याच्या प्लेटलेट कमी दिसल्या म्हणून महिनाभर औषधं देणारेही पाहिलेत. यावर उपाय सोपा आहे: मैना आज धडधाकट असताना एकदा पूर्ण रक्त तपासून तो कागद जपून ठेवा. पुढे आजारी पडली की तुलना तिची तिच्याशीच करा. तसंच भूल देताना. अंगावर चरबी नसते आणि यकृत काही औषधं सावकाश बाहेर टाकतं, म्हणून थायोपेंटोनसारख्या जुन्या भुलीतून ही कुत्री तासन्‌तास उठत नाहीत. शस्त्रक्रियेची वेळ आली तर हे डॉक्टरांना आधी सांगा. चांगले डॉक्टर ऐकून घेतात.

मेटिंगचा दिवस कॅलेंडरवरून ठरवू नका. ‘अकरावा आणि तेरावा दिवस’ हा हिशोब कित्येकदा चुकतो. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची रक्ततपासणी करा; सोलापूर, पुणे, कोल्हापुरात ती होते. साधारण पाचच्या आकड्याला (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) बीज सुटतं, आणि कुत्रीचं बीज सुटल्यावर पक्व व्हायला आणखी दोन दिवस घेतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची मेटिंग सगळ्यात फलदायी. बीज सुटल्यापासून ६३ दिवस मोजा, तारीख एक-दोन दिवसांच्या फरकानं बरोबर येते. नुसत्या मेटिंगपासून मोजलंत तर ५८ ते ७२ यात कुठेही येईल, आणि तुम्ही आठवडाभर जागाल.

वेत थंडीच्या सुरुवातीला येईल असं जमवता आलं तर उत्तम. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा ४२ च्या वर जातो, पत्र्याखाली पिल्लं जगवणं फार कठीण. गाभण असताना शेवटच्या तीन आठवड्यांत आहार दीडपट करा. भाकरी-दूध हा आपल्याकडचा पिढीजात आहार, कुत्री त्यावर जगतातही, पण पोटात पिल्लं असताना अंडी, कोंबडी, कलेजी यांचा आधार हवा. आणि कॅल्शियमच्या बाटल्या देऊ नका. हा सल्ला सगळीकडे उलटा मिळतो. गाभणपणात वरून कॅल्शियम दिलं की शरीर हाडातलं कॅल्शियम काढायचं विसरतं, आणि व्याल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दूध जोरात सुटलं की कुत्री थरथरायला लागते, धापा टाकते, पाय ताठ होतात. तेव्हा शिरेतून कॅल्शियम मिळालं नाही तर काही तासांत जीव जातो.

५५ व्या दिवसानंतर एक्स-रे काढून पिल्लं मोजा, म्हणजे व्यायची थांबली की संपली हे कळेल. शेवटच्या आठवड्यात दिवसातून तीनदा ताप मोजा. ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरला की साधारण चोवीस तासांत कळा सुरू होतात. हिरवा स्राव आला आणि पिल्लू नाही, किंवा अर्धा तास जोर लावूनही पिल्लू नाही, तर गाडी काढा. रात्री दोन वाजता कोणता डॉक्टर येईल हे महिनाभर आधी ठरवून ठेवा.

पिल्लं झाल्यावर स्वयंपाकघरातला वजनकाटा त्यांच्याजवळ नेऊन ठेवा. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा, सैल, रोज बदलायचा. सकाळ-संध्याकाळ वजन. पहिल्या दिवशी थोडं घटलं तर चालेल, त्यानंतर रोज वाढलंच पाहिजे, आणि आठ-दहा दिवसांत जन्मवजनाच्या दुप्पट. पिल्लू रडायच्या आधी काटा सांगतो. नवजात पिल्लाला थंडी वाजली तरी ते थरथरत नाही, नुसतं थंड आणि गप्प पडतं. अशा पिल्लाला आधी ऊब, मग दूध. थंड पिल्लाच्या तोंडात दूध घातलं की ते पचत नाही. दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध, सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरची लस, आणि चार महिन्यांची होईपर्यंत तिचे पुढचे डोस. पार्व्होनं माझं एक अर्धं वेत नेलं आहे. बाहेरून आलेला माणूस पिल्लांजवळ चप्पल घालून येणार नाही, हा नियम तेव्हापासून आमच्या घरात पाहुण्यांसाठीही आहे.

आता शोबद्दल, कारण तो तुमचा खरा उत्साह आहे आणि तो मला आवडला. कागद नाहीत म्हणून निराश होऊ नका. देशी जातींसाठी वंशावळ नसलेल्या कुत्र्याला तज्ज्ञांनी पाहून, चिप बसवून, पहिल्या पिढीचं म्हणून नोंदवण्याची सोय आहे. जवळच्या शहरातल्या केनेल क्लबला फोन करा आणि पुढची तपासणी कधी आहे ते विचारा. मैनाची नोंद झाली तर तिची पिल्लं दुसरी पिढी. कागद असेच, एकेका पिढीनं तयार होतात.

शोचा हंगाम आपल्याकडे साधारण ऑक्टोबर ते मार्च. पहिल्यांदा कुत्रीशिवाय जा, सकाळी लवकर, आणि हाउंडच्या रिंगच्या कडेला दिवसभर बसा. रिंगमध्ये जज्ज काय बघतात? दात, डोळे, खांद्याचा कोन, छातीची खोली, आणि मग चाल. जातीच्या ठरलेल्या मानकानुसार नर साधारण ६८ ते ७२ सेंटिमीटर, मादी ६४ ते ६८. चाल उंच पावलांची, चारही पाय मोकळे वाकणारी असावी, पण टांग्याच्या घोड्यासारखी नुसतीच वर उचललेली नको, आणि पाय एकमेकांत गुंतणारे नकोत.

कारवानीला अडचण येते ती हात लावून घेण्याची. ही जात अनोळखी माणसाशी अंतर ठेवून वागते, तो तिचा स्वभाव आहे, दोष नाही. पण जज्जनं तोंड उघडल्यावर ती खाली बसली किंवा मागे उसळली तर पुढे काही बघताच येत नाही. यावरचा सराव शोच्या मैदानावर होत नाही. मैनाला आठवडे बाजारात न्या, एसटी स्टँडवर न्या, दर आठवड्याला एका नव्या माणसाला तिचे दात बघायला सांगा, आणि प्रत्येक वेळी लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा. तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही. कंटाळली की ती शिकायचं बंद करते. पाय धरून ओढून उभं करणं टाळा. चार पावलं चालवून थांबवा, ती आपोआप नीट उभी राहते, आणि अशीच ती सगळ्यात सुंदर दिसते.

शोसाठी तिला लठ्ठ करू नका. कडेनं पाहणारे ‘खायला घालत नाही का’ असं विचारतील. शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणं हे हाउंडच्या तब्येतीचं लक्षण आहे.

एक खंत मात्र मनात आहे. बऱ्याच शोमध्ये रिंगमध्ये दोन किंवा तीनच कारवानी असतात, कधी एकच. अशा वेळी मिळालेलं ‘बेस्ट ऑफ ब्रीड’, म्हणजे त्या जातीतलं पहिलं बक्षीस, कुत्र्याबद्दल फारसं सांगत नाही, आणि त्या एका रिबिनीवर नराची मागणी दुप्पट होते. म्हणून माझ्यासाठी शोचा उपयोग वेगळा आहे. घरच्या कुत्र्याचे दोष घरच्या माणसाला दिसत नाहीत. सखूचा खांदा सरळ आहे हे मला तीन वर्षं दिसलं नव्हतं, एका जज्जनं दोन मिनिटांत दाखवलं, आणि घरी येऊन बघितलं तर रोज समोर होतं. असे डोळे उघडायला मी शोला जातो. आणि दुसरी परीक्षा मैदानावर घेतो: दोरीला प्लास्टिकची पिशवी बांधून मोटारनं ओढायची आणि कुत्र्यांना तिच्यामागे सोडायचं. वळण घेताना कोण कसं झुकतं, दुसऱ्या फेरीत कोणाचा दम टिकतो, हे रिंगमध्ये कधीच कळत नाही. ससा किंवा हरणामागे सोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मला ते नको. मोकळं सोडण्याआधी परिसरातल्या विहिरी पाहून घ्या. कठडा नसलेली विहीर आणि काटेरी तार, आमच्या भागात या दोन गोष्टींनी जितकी कारवानी गेली तितकी आजारांनी गेली नसतील. माझी बिजली तशीच गेली.

खर्चाचं शेवटी सांगतो, कारण त्यातूनच पैदास कधी करायची याचं उत्तर निघतं. तपासण्या, प्रवास, डॉक्टर, लसी, आठ आठवडे आठ तोंडांचा आहार, आणि तुमची रजा. नऊ वेतांत माझे एकदाच पैसे सुटले, तेही पिल्लं दहा होती म्हणून. त्यातली दोन पुढे परत आली. एक फ्लॅटमध्ये गेलं होतं, दिवसभर एकटं राहून त्यानं दार कुरतडलं; मालकाचा दोष नाही, मी नीट विचारलं नव्हतं. माझ्याकडचं पिल्लू कोणत्याही वयात परत आलं तर मी घेतो, हे मी लिहून देतो. तेव्हा घरात किती जागा आहे हे बघून मगच वेत ठरवावं लागतं. मी उलटा हिशोब करतो: आधी पाच घरं, ज्यांना मी स्वतः जाऊन पाहिलंय, कुंपण किती उंच, दिवसा घरी कोण असतं, विहीर कुठे आहे. पाच घरं झाली की मग नराचा शोध. घरं नसतील तर तो माज तसाच जाऊ देतो. हरणीनंतर असे तीन माज मी जाऊ दिले.

तर मैनासाठी एवढं करा. या महिन्यात तिला बंदोबस्तात ठेवा. माज संपल्यावर रक्त तपासून घ्या. जतला जाऊन तिची आई पाहा, आणि वही सुरू करा. डिसेंबर-जानेवारीत आपल्या बाजूला शो असतील, तेव्हा तिला गाडीत घालून या, रिंगमध्ये न्यायची नसली तरी. मी हाउंडच्या रिंगच्या डाव्या कडेला असतो, सोबत एक म्हातारी पांढरट कुत्री असते. मैनाचा खांदा मला हातानं बघायचा आहे, आणि तिच्या आईचा फोटो असेल तर तोही आणा.